मुळाक्षरं, बाराखडी, फोनिक्स की गोष्टीची पुस्तकं? मराठी वाचन शिकवताना काय, कधी आणि किती

एका आईबाबांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा मराठी माध्यमात पहिलीत आहे. 'अ' ते 'ज्ञ' तोंडपाठ आहे, बाराखडीही धडाधड म्हणतो. पण 'मासा' हा शब्द समोर ठेवला की 'म ला काना मा, स ला काना सा' एवढं म्हणून थांबतो. मासा म्हणत नाही. शिकवणीच्या बाई सांगतात, बाराखडी अजून पक्की करून घ्या. बालवाडीच्या ताई म्हणायच्या, गोष्टी वाचून दाखवा, वाचन आपोआप येतं. मावसबहीण इंग्रजी शाळेत फोनिक्सने, म्हणजे अक्षरांचे सुटे आवाज शिकून ते जोडत वाचायच्या पद्धतीने, लवकर वाचायला लागली, म्हणून मराठीसाठीही तसला वर्ग लावावा का, असं आईबाबांच्या मनात आहे.

मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं आणि आता नव्या शिक्षकांबरोबर त्यांच्या वर्गात बसते. त्यामुळे आधी उत्तर देते, कारणं नंतर. या वयाच्या मुलासाठी मी थोडीच अक्षरं घेईन, पहिल्या दिवसापासून त्यांना काना-वेलांटीसारखं एखादं स्वरचिन्ह जोडेन आणि त्याच दिवशी त्यातून अर्थाचे शब्द वाचून घेईन. शिक्षकांच्या बोलण्यात याला अक्षरगट पद्धत किंवा वर्णगट पद्धत म्हणतात. सोबत रोज मोठ्या माणसाने पुस्तक वाचून दाखवायचं. यातलं एक केलं आणि दुसरं सोडलं तर मूल अर्ध्यावर अडकतं. फोनिक्सच्या वर्गाला पैसे घालू नका. बाराखडी आत्ता बाजूला ठेवा, तिची वेळ पुढे येणार आहे.

आता मुलाचं नेमकं कुठे अडलंय ते पाहू. 'म ला काना मा, स ला काना सा' ही घोकणी शाळांमध्ये इतकी रुळली आहे की ती म्हणजेच वाचन असं पालकांना वाटतं. मुलाच्या बाजूने बघा. 'मासा' म्हणायला त्याला हव्या आहेत फक्त दोन गोष्टी, मा आणि सा. त्याच्या तोंडात मात्र 'म', 'ला', 'काना', 'मा', 'स', 'ला', 'काना', 'सा' एवढं सगळं येतं. त्यातून नको ते गाळायचं, हवं ते लक्षात ठेवायचं आणि मग जोडायचं. सहा वर्षांच्या मुलाला 'सा' म्हणेपर्यंत आधीचा 'मा' आठवत नाही. तो अक्षर कसं बनलंय त्याचं वर्णन करतोय, अक्षर वाचत नाहीये. आजपासून घरात ही घोकणी बंद करा. 'मा' हे एकदम 'मा' म्हणूनच दिसलं पाहिजे.

दुसरी एक तपासणी घरी करून बघा. बाराखडीचा तक्ता न दाखवता एका कागदावर 'को' लिहा आणि विचारा हे काय. पुष्कळ मुलं मनातल्या मनात, कधी ओठ हलवत, 'क का कि की कु कू' करत 'को'पर्यंत पोहोचतात. म्हणजे बाराखडी त्यांना गाण्यासारखी येते, त्यातलं एक घर सुटं ओळखता येत नाही. तुमच्या मुलाचं असंच निघेल असा माझा अंदाज आहे. बाराखडी 'अजून पक्की' करून हे सुटणार नाही, कारण पाठांतर आधीच पक्कं आहे.

मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवण्याबद्दलही इथेच बोलते. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी ती रचना फार सुंदर आहे, शब्दकोश पाहायला ती यावीच लागते. पण वाचन शिकवायला हा क्रम गैरसोयीचा आहे. क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरं आली, आता त्यातून मुलाच्या ओळखीचा एक शब्द करा. 'खग' हाती लागतो, तोही कवितेतला. शिवाय क-ख आणि ग-घ अशा सारख्या ध्वनींच्या जोड्या एकाच आठवड्यात समोर येतात, आणि 'ङ'साठी मुलाकडे एकही शब्द नसतो. जी अक्षरं कानाला किंवा डोळ्याला सारखी वाटतात ती एकमेकांपासून लांब शिकवावीत: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. 'ख'ला 'रव' वाचणारी मुलं तर दर वर्षी भेटतात.

बाराखडीचा हिशोब करून बघा. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे ४०८ घरं. त्यातल्या 'ळौ' किंवा 'ञै' अशा कित्येक घरांचा एकही शब्द मूल कधी वाचणार नाही. बंगळूरच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर २००७ साली जे काम प्रसिद्ध केलं त्यात हेच दिसलं होतं की आपल्या लिप्यांमध्ये अक्षरांचा साठा मोठा असल्याने तो पुरता हाती यायला प्राथमिकची कित्येक वर्षं जातात. इंग्रजीची २६ अक्षरं एका वर्षात आटोपतात, तसं इथे होत नाही. म्हणून 'आधी सगळी अक्षरं, सगळी बाराखडी, मग शब्द, मग वाक्य' ही पायऱ्यांची कल्पना सोडायला हवी. सगळं पक्कं होण्याची वाट पाहिली तर मूल अर्थाचं वाचायला लागेपर्यंत दुसरी संपते.

जुन्या पद्धतीत यावर एक उपाय होता, बिनकान्याच्या शब्दांचा. सगळी व्यंजनं शिकवायची आणि मग 'कमळ', 'गवत', 'मगर', 'फणस' असे शब्द वाचायला द्यायचे. दिसायला सोपं आहे. पण मुलाच्या जिव्हाळ्याचे शब्द पाहा: आई, बाबा, मी, तू, पाणी, भूक, भाऊ, ताई. यातला एकही बिनकान्याचा नाही. मराठीत काना-मात्रा-वेलांटीशिवाय धड एक वाक्यसुद्धा बोलता येत नाही, त्यामुळे महिनोन्महिने मूल असे शब्द वाचतं ज्यांची गोष्ट होत नाही. आणि ते शब्द खरोखर सोपेही नाहीत. 'करवत' लिहिताना चार अक्षरं सारखीच दिसतात, बोलताना मात्र 'कर-वत' असं होतं, 'र' आणि 'त'मधला 'अ' आपण गिळतो. कुठला 'अ' म्हणायचा आणि कुठला गिळायचा हे पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. 'मामा'मध्ये ही भानगड नाही. 'मा' दोनदा म्हणायचं की झालं.

महाराष्ट्रात यावर ज्यांनी मन लावून काम केलं त्यांची नावं पालकांना माहीत असावीत असं मला फार वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आजच्या पालघर जिल्ह्यात १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण केलं. चिंचोके, शंख-शिंपले, पानं, बिया असं आसपासचं साहित्य त्यांनी वर्गात आणलं. फलटणला मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन काढलं आणि मराठी वाचायला शिकवावं कसं यावर आयुष्य घालवलं. पालघरच्याच वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था २००७ पासून प्राथमिक शाळांतल्या भाषा आणि गणितावर काम करते. त्याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१७ साली आला. पहिलीपासून तिसरीपर्यंत त्याच मुलांचा मागोवा घेतलेला होता. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं आणि शब्द फळ्यावरून उतरवण्यात, एकसुरात म्हणण्यात जातो, वाचलेल्याच्या अर्थावर बोलणं जवळजवळ होत नाही, आणि तिसरी संपली तरी बऱ्याच मुलांना वाचन जमलेलं नसतं, असं त्यात पुढे आलं. मी बसते त्या वर्गांमध्ये आजही पुष्कळदा हेच दिसतं. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेव्हा तुमचा मुलगा एकटा नाही आणि त्याच्या डोक्यात काही कमी आहे असं तर मुळीच समजू नका.

आता अक्षरगट प्रत्यक्षात कसा चालतो ते सविस्तर सांगते, कारण तुम्हाला घरी हेच करायचं आहे.

पहिला गट घ्या: म, क, न, ल आणि काना. चार अक्षरांची चार कार्डं, कान्याचं एक सुटं कार्ड. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालते. 'म' ठेवा, मुलाला म्हणू द्या. मग काना हळूच सरकवत त्याला चिकटवा: 'म… मा.' काना काढा: 'म.' परत लावा: 'मा.' तोच काना 'क'ला लावा, 'ल'ला लावा. 'ला काना' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पाच मिनिटांत मुलाच्या लक्षात येतं की हा उभा दांडा कुठेही गेला तरी एकच काम करतो. ही समज फार मोठी आहे. चारशे घरं पाठ करण्याची गरज तिच्यामुळे उरत नाही.

मग त्याच बैठकीत शब्द. या चार अक्षरांत नाक, कान, काका, मामा, नाना, मला, मका, लाल, काल, काम, मान, माल, कमान, नाला एवढं सगळं बसतं. 'मामा, मला मका' हे वाक्य होतं, 'नाक लाल, कान लाल' होतं. शब्द वाचताना दुसऱ्या अक्षरावर तुमचं बोट ठेवा. 'ना' वाचून झालं की बोट काढा, 'क'. मग न थांबता दोन्ही एकत्र: 'नाक'. आणि लगेच विचारा, कुठे आहे तुझं? त्याने नाकावर बोट ठेवलं म्हणजे वाचन झालं. अक्षरं अचूक म्हणून तो पुढच्या शब्दाकडे वळला आणि नाकाला हात गेला नाही, तर अजून झालेलं नाही. जोडता येत नसेल तर तुम्ही तोंडी जोडून दाखवा, दोन अक्षरांमधलं अंतर कमी करत न्या. हे चार-सहा दिवस लागतं, कधी जास्त. इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

दुसऱ्या गटात ब, स, र, प आणि दुसरी वेलांटी, सोबत सुटे 'आ' आणि 'ई'. आता 'आई' वाचता येते, 'मी' वाचता येतं. 'आई आली. काकी आली. मामा कसा आला?' अशी छोटी छोटी वाक्यं लिहून द्या, त्यात घरातल्यांची नावं बसवा. तिसऱ्या गटात मात्रा, म्हणजे 'े' आणि 'ो', आणि त, ग, ड, ह अशी नेहमी लागणारी अक्षरं. मग उकार. मग ण, ळ, च, ज वगैरे. गट हेच असले पाहिजेत असं काही नाही, वेगवेगळ्या संस्थांचे गट वेगळे आहेत. अट एवढीच की अक्षरं वरचेवर लागणारी असावीत, एकमेकांसारखी दिसणारी नसावीत, आणि प्रत्येक गटातून भरपूर शब्द निघावेत.

दुसरी वेलांटी आधी घेते, पहिली नंतर, हे मुद्दाम. पहिली वेलांटी लिहितो अक्षराच्या आधी आणि म्हणतो नंतर. डावीकडून उजवीकडे वाचत जाणाऱ्या मुलासाठी हा उलटा प्रवास आहे. मुलांच्या चुका ऐका, त्यात किती तर्क असतो ते कळेल. 'गणित' हा शब्द ती 'गाणत' वाचतात आणि 'कविता' हा 'कावता'. वेलांटीचा दांडा त्यांना आधीच्या अक्षराचा काना वाटतो, आणि तो दिसतोही तसाच! यावर रागावून उपयोग नाही. 'ि'चं कार्ड वेगळ्या रंगात करा, ते कोणत्या अक्षराच्या डोक्यावरून वळलंय ते बोटाने दाखवा आणि 'कि, मि, पि' आधी भरपूर होऊ द्या. दुसऱ्या वेलांटीत हा घोळ नाही, शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा तीच येते, त्यामुळे वाचायला शब्दही खूप मिळतात.

अनुस्वाराचं असंच. 'आंबा'तला अनुस्वार म्हणता येतो, पण 'मुलं', 'झाडं', 'पानं' यातला टिंब नाकातून म्हणायचा नसतो, नुसता शेवटचा 'अ' लांबवायचा असतो. मुलं 'मुलम्' वाचतात. नियम सांगू नका, 'तू बोलताना कसं म्हणतोस?' एवढं विचारा. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. तेही मूल बोलीतून जाणतंच. शब्द ओळखीचा असला की उच्चार आपसूक सुधारतो.

गोष्टी वाचून दाखवा, आपोआप येईल, या मताकडे येते. उत्तर अमेरिकेत केन गुडमन आणि फ्रँक स्मिथ यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा विचार जोराने मांडला: मूल जसं बोलायला शिकतं तसंच भरपूर, अर्थपूर्ण वाचन आजूबाजूला असलं की वाचायला शिकेल, अक्षरं तोडून शिकवण्याची गरज नाही. आपल्याकडे 'समग्र भाषा' या नावाने तो आला. त्यातलं मला मनापासून पटलेलं खूप आहे. मुलाचं नाव त्याच्या डब्यावर लिहिणं, त्याने सांगितलेलं वाक्य त्याच्यादेखत लिहून काढणं आणि त्यालाच 'वाचायला' देणं, चित्राखाली शब्द असणं, या सगळ्यातून लिहिलेल्याला अर्थ असतो हे मुलाला कळतं. ज्या घरात कुणी वाचताना दिसत नाही तिथल्या मुलाला ही गोष्ट कुणीतरी मुद्दाम दाखवावी लागते.

पण 'आपोआप' हा शब्द खरा नाही. थोड्या मुलांना येतं, बहुतेकांना येत नाही. चित्र बैलाचं आणि खाली 'बैल' असेल तर मूल खुशाल 'गाय' म्हणतं. चित्रावर हात ठेवा, मग कळेल ते शब्दाकडे बघतच नव्हतं. शब्द आख्खे लक्षात ठेवणं वीस-तीस शब्दांपर्यंत जमतं, पुढे 'काका' आणि 'काकी', 'मान' आणि 'मन' गळ्यात गळा घालतात. अमेरिकेतही २००० साली राष्ट्रीय वाचन समितीने संशोधनांचा आढावा घेऊन अक्षर-ध्वनीचं नातं पद्धतशीर शिकवायलाच हवं असा निष्कर्ष काढला.

तिथून फोनिक्सची लाट आली, आणि इंग्रजीसाठी ती रास्तच होती. इंग्रजीत अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा. 'सी' म्हणायचं आणि 'कॅट' वाचताना 'क्' करायचं. त्यामुळे ध्वनी वेगळे शिकवावेच लागतात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची फोनिक्सची तपासणी होते, त्यात ४० शब्द असतात, निम्मे खरे आणि निम्मे बनावट. देवनागरीत 'क'चं नावच 'क' आहे, आवाजही 'क' आहे. फोनिक्सचं जे मोठं काम ते आपल्या लिपीने आधीच करून ठेवलंय. 'का' तोडून 'क्' अधिक 'आ' करायला लावणं या वयात मुलांना जड जातं, आणि नाग यांच्या अभ्यासातही सुट्या ध्वनींची जाण मुलांना सावकाशच येताना दिसली, अक्षराची जाण आधी येते. म्हणून मराठी फोनिक्सच्या नावाने 'क्, ख्, ग्' घोकून घेणाऱ्या वर्गांचा मला उपयोग दिसत नाही. इंग्लंडच्या त्या तपासणीतली एक युक्ती मात्र उचला. अधूनमधून 'मोपी', 'लारो', 'नाकेस' असे बनावट शब्द द्या. ते वाचले तर मूल खरोखर अक्षरं जोडतंय, अंदाज बांधत नाही, याची खात्री होते. मुलांना असले शब्द भारी आवडतात.

ध्वनींचे खेळ हवे असतील तर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. नावांच्या भेंड्या खेळा: 'पुणे', 'णे' वरून अडलं तर 'ए' घ्या. शेवटचं अक्षर पकडणं म्हणजे शब्दाचे तुकडे कानाने करणं, वाचनाला नेमकं हेच लागतं. घरात मोठी भावंडं 'च'ची भाषा बोलत असतील, 'पाणी'चं 'चणीपा' करणारी, तर धाकट्याला ऐकू द्या, शिकू द्या. टाळ्या वाजवत 'टो-मॅ-टो' म्हणा. यासाठी वर्ग लावायची गरज नाही, भाजी निवडताना होतं.

बाराखडीला मी नाकारत नाही. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मागे राहिलेल्या मुलांसाठी बाराखडीचा तक्ता वापरला आहे आणि त्या मुलांना त्याचा फायदा होतो. कारण त्यांच्याकडे अर्धवट माहिती विखुरलेली असते, तक्त्यावर आडवं आणि उभं वाचताना त्यातला नियम एकदम उजळतो. तुमच्या मुलालाही काना, वेलांट्या, मात्रा, उकार सुटे सुटे आले की बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावा. तेव्हा तो पाठ करायला लागणार नाही, वाचता येईल.

गिरवणं आणि उतरवून काढणं यावर थोडंच सांगते. अक्षर हाताने काढल्याने लक्षात राहतं, मॉण्टेसरींची खरकागदाची अक्षरं त्यासाठीच होती. पाटीवर, मातीत, चिंचोके मांडून काढा. पण एकच अक्षर पानभर लिहिताना दुसऱ्या ओळीपासून मूल वरच्या अक्षराची नक्कल करतं, डोकं बंद असतं. त्याऐवजी त्याला स्वतःच्या मनाने शब्द लिहू द्या. 'पाणी'ला 'पानी' लिहिलं तरी राहू द्या. घरात 'पानी' बोलतात तर तो ऐकल्याप्रमाणेच लिहितोय, ऱ्हस्व-दीर्घ आणि न-णची दुरुस्ती तिसरीत करता येते. वाचतानाही छापलेलं 'होता' त्याने 'व्हता' वाचलं तर थांबवू नका, त्याला शब्द कळलाय. वारली, कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना तर शाळेची मराठीच नवी असते, त्यांच्याशी आधी भरपूर बोलावं लागतं, मग वाचन.

रोजचं वाचून दाखवणं मात्र चुकवू नका. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं की वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्याने एक शून्य झालं की सगळंच शून्य. लिपीचं काम कार्डांवर होईल, भाषेचं काम पुस्तकं करतील. पुस्तकातली मराठी बोलण्यातल्या मराठीपेक्षा वेगळी असते, ती कानावर पडलेली असेल तर स्वतः वाचताना मूल गांगरत नाही. मुलाला मांडीवर किंवा शेजारी बसवा, पान त्याला दिसेल असं धरा, कधी ओळीखालून बोट फिरवा, कधी नका फिरवू. मध्येच थांबून 'आता हा काय करेल?' विचारा. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा वाचा. पुस्तकं महाग पडत असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आहेत. दहा मिनिटं कार्डं आणि पंधरा मिनिटं गोष्ट एवढं रोज जमवा. सुट्टीच्या दिवशी दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

शाळेतल्या बाईंशी पद्धतीवरून वाद घालू नका. कायद्यानेच एका शिक्षकामागे तीस मुलं असतात, पुष्कळ ठिकाणी दोन इयत्ता एका खोलीत असतात. त्यांना एवढंच सांगा की घरी आम्ही 'म ला काना' न म्हणता थेट वाचायची सवय करतोय. बहुतेक शिक्षकांना ते पटतं. जोडाक्षरांची चिंता यंदा करू नका. 'आज्जी', 'पक्का', 'गल्ली' असे एकच व्यंजन जोडून दोनदा येणारे शब्द आधी येतील. 'र'ची चार रूपं, म्हणजे 'प्र', 'ट्र', 'र्क' आणि 'ऱ्य', दुसरी-तिसरीत सावकाश.

असं नियमाने तीन-चार महिने करूनही दोन अक्षरी शब्द जुळत नसतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, ज्यांना नुसता चष्माच हवा होता अशी मुलं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. दुसरी संपताना इतर सगळ्यात चुणचुणीत असलेलं मूल वाचनात मात्र अडखळतंय, काना-मात्रा गाळतंय, काल वाचलेला शब्द आज नवा वाटतोय, घरात आणखी कुणाला असा त्रास झाला होता, असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीची, तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि सरकारी रुग्णालयांतून प्रमाणपत्र मिळतं. ते साधारण आठ वर्षांच्या पुढे देतात. तोवर थांबायचं मात्र नाही, शंका आली त्या दिवसापासून अक्षरगटाचं हेच काम अधिक हळू आणि अधिक वेळा करायचं.